दादाची ध्रुवीय मोहीम आणि फाल्गुन शुद्ध दशमी

गुरुवार, १४ मार्च. पाचला उठलो. आंघोळ, चहा. फ्रिज रिकामा करून बंद केला, गॅस बंद केला, क्वार्टरची किल्ली शेजारी दिली. साडेसहाला ऋचा ऑटो घेऊन आली. सव्वासातला जबलपूरच्या डुमना विमानतळावर पोचलो. विमान नऊचं होतं, अकराला सुटलं. दिल्लीत पूर्ण दिवस बाकावर बसून काढला. रात्री पुढचं विमान. दोनदा चहा, एकदा पराठा, बाकी काही नाही.

इंटरनेटवरचं हे पान आधी वाचणाऱ्यांना माहीत असेल की इथे माझा थोरला भाऊ लिहायचा. जबलपुरात राइट टाउनला त्याचा कुत्र्यांचा दवाखाना होता, वर घर. चार वर्षं तो इथे ‘ध्रुवीय मोहीम’ या नावाने एका प्रवासाची तयारी लिहीत होता. नॉर्वेच्या पार उत्तरेला जायचं आणि पाच दिवस कुत्र्यांनी ओढलेल्या बर्फगाडीवरून, म्हणजे स्लेजवरून, हिंडायचं. तो आणि त्याची मुलगी ऋचा. मागच्या वर्षी एक मार्चला, निघायला पंधरा दिवस उरलेले असताना, तो दवाखान्यातच गेला. एका लॅब्रेडॉरला इंजेक्शन दिलं, हात धुवायला उठला, तेवढंच.

नंतर वर्षभर इथे लोक विचारत राहिले, डॉक्टरसाहेब, मोहिमेचं काय झालं? शेवटी ऋचा मला म्हणाली, “काका, आप ही लिख दो. मला मराठी बोलतानाच दम लागतो, लिहिणार कुठून?” मी फॅक्टरीत तीस वर्षं तपासणीचे अहवाल लिहिले आहेत. हाही तसाच लिहितो. दादासारखा रंगवता येणार नाही.

सगळ्यात आधी एक दुरुस्ती. ही ध्रुवीय मोहीम नाही. आम्ही गेलो ते आल्टा गाव ध्रुवापासून दोन हजार किलोमीटरहून जास्त दूर आहे. हे मी दादाला अनेकदा सांगितलं. तो म्हणायचा, “ध्रुवाच्या दिशेनंच चाललोय ना? मग?” या ‘मग’पुढे कोणाचं काही चालत नसे.

दुसरी दुरुस्ती. दादाने इथे लिहून ठेवलंय की आतून आपला सुती बनियन सर्वांत उत्तम. चूक. सुती कपडा घामाने ओला होतो आणि ओलाच राहतो. स्लेजवर चढण आली की उतरून ढकलावं लागतं, तेव्हा घाम येतो, आणि थांबलात की तोच घाम पाठीवर गार पडतो. आतून लोकर घाला. वरचा जाड सूट आणि बूट स्लेजची सफर नेणारी तिथली संस्था देते, त्यामुळे दादाच्या तयारीच्या यादीतलं तिबेटी बाजारातलं जाकीट घेऊ नका. मी घेतलं. ते तिकडे पाच दिवस बॅगेतच पडून होतं.

तिसरी गोष्ट थंडीच्या सरावाची. यादीत पाचव्या क्रमांकावर दादाने लिहिलंय, ‘मटरवाल्यांकडे एक तास.’ आमच्याकडे मझौली, सिहोऱ्याच्या बाजूला मटार फार पिकतो. मझौलीच्या रस्त्यावर एक शीतगृह आहे, त्यात गोठवलेले मटार उणे अठरावर ठेवतात. मालकाचा कुत्रा दादाचा पेशंट. ऋचा नोव्हेंबरात सुट्टीवर आली तेव्हा मला स्कूटरवर बसवून घेऊन गेली. तिथल्या मॅनेजरने आम्हाला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

“डॉक्टर साहब ने बोला था कि आएँगे. पर एक साल हो गया.”

“आता आम्ही आलोय,” ऋचा म्हणाली.

“मटर के साथ बैठना है?”

“जी.”

“खाली बैठना है? करना कुछ नहीं है?”

“बैठना है बस, भैया.”

त्याने दोन प्लास्टिकच्या खुर्च्या आत ठेवल्या आणि दर दहा मिनिटांनी दार उघडून बघून गेला. चाळिसाव्या मिनिटाला मीच बाहेर आलो. या सरावाचा उपयोग शून्य. शीतगृहात वारा नसतो, आणि तिकडे सगळा त्रास वाऱ्याचा आहे. पेट्रोल मात्र गेलं.

संरक्षण खात्याच्या कारखान्यात नोकरी असणाऱ्यांसाठी चौथी गोष्ट. परदेशी जाण्याआधी परवानगी लागते. किमान चार महिने आधी अर्ज करा, आणि कारण लिहिताना खरं लिहू नका. मी खरं लिहिलं. ऑफिसातल्या बाबूंनी मला बोलावून घेतलं.

“ये क्या लिखा है, भाईसाहब? कुत्ते खींचेंगे?”

“जी.”

“और आप बैठेंगे.”

बसायचं नसतं, मागे उभं राहायचं असतं, असं सांगणार होतो. त्यांनी अर्ज माझ्याकडे सरकवला.

“टूरिज़्म लिखिए. कुत्ता लिखोगे तो फाइल भी कुत्ते की तरह घूमेगी.”

टूरिझम लिहिलं. फाइल तरीही तीनदा परत आली. एकदा पान क्रमांक नाही म्हणून, एकदा आहे पण पेन्सिलने आहे म्हणून. तिसऱ्यांदा का आली ते कोणालाच माहीत नव्हतं.

हे सगळं झेपलं असतं. खरी चूक तारखेची झाली, आणि ती माझी.

दादा गेल्यावर त्या संस्थेने कळवलं होतं की बुकिंग पुढच्या हंगामात नेता येईल, त्याच्या जागी दुसरं नाव चालेल. तीन आठवडे दिले होते, त्यातला एक निवडायचा. ऋचाला एकटीला पाठवायला वहिनी तयार नव्हत्या, म्हणून दुसरं नाव माझं. वर्षश्राद्धाच्या आत असला प्रवास करायचा नाही हे मलाही मान्य होतं. दादाला अग्नी मी दिला, श्राद्धही मीच करायचं. मग मी हिशोब केला. तारीख एक मार्च, तिथी फाल्गुन शुद्ध दशमी. तिथी दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येते. म्हणजे फेब्रुवारीच्या अठरा-एकोणीसला श्राद्ध, आणि मार्चच्या मध्यावर आपण मोकळे. सतरा ते एकवीस मार्च निवडून कळवून टाकलं.

जानेवारीत राइट टाउनच्या घरी वहिनींनी नवं कॅलेंडर भिंतीला लावलं. मी समोर चहा पीत होतो. त्या पानं उलटत मार्चवर थांबल्या.

“भाऊजी, तुम्ही तिकिटं कधीची काढून राहिले?”

“चौदा मार्च. चोवीसला परत.”

“आणि दशमी कधी आहे?”

“फेब्रुवारीत असेल. अठरा-एकोणीस.”

“एकोणीस मार्च.” त्यांनी बोट ठेवलं ते काढलं नाही. “अधिक महिना झाला ना मागच्या साली. दोन-दोन श्रावण झाले. आठ सोमवार धरले मी. तुम्ही इथंच बसून साबुदाण्याची खिचडी खात होते. काहून विसरले?”

अधिक महिना आला की पुढची तिथी मागे न जाता अठरा-वीस दिवस पुढे सरकते, हे मला लहानपणापासून माहीत आहे. नोकरीत मी केसाएवढा फरक असलेला माल परत पाठवला आहे. इथे अख्खा महिना नजरेतून सुटला. संस्थेला लिहिलं. बाकीचे आठवडे भरले होते. यंदा नाही तर बुकिंग रद्द, असं उत्तर आलं.

ऋचा फोनवर एकच वाक्य बोलली. “मम्मीला सांगा, मी एकटी जाते.” वहिनी म्हणाल्या, “एकटी जायचं असेल तर परत इथं येऊ नको म्हणावं.” दोघीही निरोप माझ्यामार्फत पाठवत होत्या. आठवडाभर मी पोस्टमन होतो.

मग वहिनींना घेऊन गढ्याला गुरुजींकडे गेलो. आमच्याकडचं सगळं तेच करतात. त्यांनी ऐकून घेतलं.

“शास्त्रात सोय आहे. त्या दिवशी अडचण आली तर पुढच्या वद्य एकादशीला करता येतं.”

“तुमच्या शास्त्रात सोय असेल, गुरुजी,” वहिनी म्हणाल्या. “यांना मी काय सांगू? पंधरा दिवस थांबा, भाऊजी फिरायला गेले?”

गुरुजी माझ्याकडे बघायला लागले. मी सतरंजीकडे. शेवटी ते म्हणाले, “असं करा. त्या दिवशी तिथंच, जमेल तेवढं करा. तिळाचं पाणी द्या, तोंड दक्षिणेला. साधा भात शिजवा आणि पाच घास काढा. एक अग्नीत, एक गायीला, एक कुत्र्याला, एक कावळ्याला, एक मुंग्यांना.” त्यांनी मागच्या पानावर सगळं लिहून दिलं. घरी यायला ऑटो केला. राइट टाउनच्या गल्लीच्या तोंडाशी वहिनी म्हणाल्या, “शब्द द्या, भाऊजी. मी इथं साडेबाराला पान वाढणार. त्याच वेळेला तुम्ही तिथं. पाची घास. मग जा दोघं.”

मी शब्द दिला.

नॉर्वे आपल्या साडेचार तास मागे आहे. आपले साडेबारा म्हणजे तिकडचे सकाळचे आठ. हे मी बोर्डिंग पासच्या मागे लिहून ठेवलं. या वेळी चूक होऊ द्यायची नव्हती.

शुक्रवारी संध्याकाळी ऑस्लो, तिथे मुक्काम. शनिवारी दुपारी आल्टा. खाण्याचं सांगतो. शाकाहारी असाल तर विमानतळावर ब्रेड, चीज आणि केळं एवढंच मिळेल, आणि त्या एका सँडविचच्या किमतीत जबलपुरात चार जणांचं जेवण होतं. ऋचाला मी आधीच बजावलं होतं की घरून ठेपले आण. तिने प्रोटीन बार आणले. दोन दिवसांनी तीही माझ्याच डब्यातल्या दशम्या खात होती.

रविवारी सकाळी आमची वाटाडी भेटली. नाव इंगा, चाळिशीची, बोलायला माझ्यापेक्षा कमी. ती, आम्ही दोघं, आणि सोळा कुत्रे. सहा तिच्या गाडीला, पाच-पाच आमच्या. दादाच्या लिखाणात हे कुत्रे फार प्रेमळ, समजूतदार वगैरे आहेत. असतील. पण निघण्याआधी सोळाच्या सोळा एकदम किंचाळतात, उड्या मारतात, दोर चावतात. मला लहानपणापासून कुत्र्यांची भीती वाटते. याच कारणाने दादा मला आयुष्यभर चिडवत आला. त्याच्या दवाखान्यात मी मागच्या दाराने जायचो. आणि आता पाच कुत्र्यांच्या गळ्यात पट्टे अडकवून, एकेकाला पुढचे पाय उचलून चालवत, गाडीला जोडायचं काम माझ्याकडे होतं.

इंगाने दहा मिनिटांत सगळं शिकवलं. गाडीखालून मागे निघालेल्या दोन लांब फळ्यांवर उभं राहायचं, समोरचा दांडा धरायचा, मधल्या लोखंडी ब्रेकवर पाय दिला की गाडी थांबते, थांबल्यावर गाडीला दोरीने बांधलेला लोखंडी आकडा बर्फात रोवायचा. आणि काहीही झालं तरी दांडा सोडायचा नाही, कारण कुत्रे तुमच्यासाठी थांबत नाहीत. मी विचारलं, पडलो तर? ती म्हणाली, “पडलात तरी नाही.”

पहिल्याच वळणावर मी पडलो आणि दांडा सोडला. पाचही कुत्रे आनंदाने निघून गेले. इंगाने पुढे जाऊन त्यांना अडवलं. मी गुडघाभर बर्फातून चालत पोचलो. ऋचा ब्रेकवर उभी राहून हसत होती.

“काका, आकडा तुमच्या हातात आहे! गाडी वहाँ, आकडा यहाँ!”

खरंच होतं. दांडा सोडला होता आणि गाठ सुटलेल्या दोरीसकट आकडा घट्ट धरून ठेवला होता. दादा असता तर एवढ्यावर त्याने चार पानं लिहिली असती.

पठारावर मात्र बरं वाटलं, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. गाडी सुटली की कुत्र्यांचा आवाज एकदम बंद होतो. फक्त बर्फावर घासल्याचा आवाज राहतो. झाडं संपतात आणि चहूकडे पांढरं, त्यात एकही वेगळी वस्तू नाही. दिवसाला पंचवीस-तीस किलोमीटर. रात्रीचा मुक्काम लाकडी झोपडीत, मध्ये चुलीसारखी शेगडी. वीज नाही, नळ नाही, संडास बाहेर पन्नास पावलांवर. पोचल्यावर आधी कुत्र्यांना पेंढा घालायचा, त्यांचे पाय तपासायचे, मांसाचं सूप करून द्यायचं. माणसांचं त्यानंतर. वयस्कर वाचकांनी हे लक्षात घेऊन जावं. तिथे कोणी तुम्हाला पाहुणा समजत नाही.

सोमवारी संध्याकाळी जेवताना ऋचाने इंगाला दुसऱ्या दिवसाचं सांगितलं. माझ्या वडिलांचं वर्ष आहे, काकांना सकाळी आठला थोडा वेळ लागेल, भात शिजवायचा आहे. इंगाने मान डोलावली. नऊला निघायचं, त्याआधी काय हवं ते करा. मग ऋचाने पाच घासांचं सांगितलं.

“कुत्र्याला नाही,” इंगा म्हणाली.

“फक्त एक घास. साधा भात.”

“सहाला त्यांचं सूप होतं. नऊला धावायचंय. मध्ये पोटात काही नाही. आणि बाहेरचं तर कधीच नाही.”

ती चिडली नव्हती. फॅक्टरीत मीही असाच नाही म्हणतो, त्यामुळे पुढे बोलण्यात अर्थ नाही हे मला कळलं. शेगडीजवळ बसून गुरुजींचा कागद पुन्हा वाचला. गाय, इथून किती लांब असेल कोण जाणे. कावळा, दोन दिवसांत आभाळात एक पक्षी दिसला नव्हता. मुंग्या, मीटरभर बर्फाखाली. आणि कुत्रे होते सोळा, भिंतीपलीकडे, तर त्यांना द्यायची बंदी. वहिनींना मी शब्द दिला होता. जबलपूरच्या कुठल्याही गल्लीत दारात उभं राहिलं तर ही पाचही मंडळी दहा मिनिटांत येऊन जातात.

“काका,” ऋचा स्लीपिंग बॅगमधून म्हणाली, “गाय की जगह रेनडिअर चलेगा क्या?”

“नाही.”

“सींग तो हैं.”

“झोप आता.”

मंगळवार, १९ मार्च. साडेपाचला उठलो. उणे अठरा. भाताला पाणी हवं म्हणून पातेलं भरून बर्फ शेगडीवर ठेवला. भरलेल्या पातेल्याचं दोन बोटं पाणी होतं, हे कोणी सांगितलं नव्हतं. चार वेळा बाहेर जाऊन बर्फ आणला. तांदूळ, तीळ, दर्भ वहिनींनी शिवलेल्या पिशवीत होते. दर्भाची अंगठी वळून बोटात घातली. फोन थंडीने बंद पडला होता, त्यामुळे दक्षिण कुठे हे विचारायला इंगाकडे गेलो.

ती बाहेर कुत्र्यांना सूप देत होती आणि ऋचा तिच्या मागोमाग बादली धरून होती. माझ्या गाडीतली तूवा नावाची करडी कुत्री सूप पीत होती. ऋचा अचानक थांबली.

“हिचा उजवा पाय बघा,” ती इंग्रजीत म्हणाली. “वजन टाकत नाहीये.”

इंगा म्हणाली, थंडीने आखडली असेल. ऋचा गुडघ्यावर बसली. हातमोजे काढले, पंजा हातात घेतला, एकेक बोट दाबत वर मनगटापर्यंत गेली. तूवाने तोंड फिरवलं आणि पाय ओढून घेतला. मी ते हात पाहत होतो. दादा अगदी असाच बसायचा, एक गुडघा खाली, एक वर, आणि कुत्र्याकडे न बघता दुसरीकडे कुठेतरी बघत दाबत जायचा.

इंगाने स्वतः दाबून पाहिलं. मनगट सुजलं होतं. ती ऋचाला म्हणाली, “कोणी शिकवलं?”

“पापा ने,” ऋचा हिंदीतच म्हणाली. मग इंग्रजीत सांगितलं, “माझे वडील कुत्र्यांचे डॉक्टर होते.”

इंगाने तूवाचा दोर सोडला. “आज ही धावणार नाही. गाडीत बसून येईल.”

ऋचाने माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. “मग हिला चालेल? जी धावणार नाही तिला?”

इंगाने तूवाच्या पाठीवरचा बर्फ झटकला. “मीठ आहे त्यात?”

“नाही.”

“दोन चमचे. जास्त नाही. दक्षिण त्या बाजूला, काल आलो ती वाट.”

आठला झोपडीबाहेर बर्फावर उभा राहिलो. ऋचा शेजारी. कागदातलं जमेल तेवढं म्हटलं. दादाचं नाव घेऊन तिळाचं पाणी सोडलं. ऋचाने हात पुढे केला. कागदात तिच्याबद्दल काही लिहिलेलं नव्हतं. मी तिच्या ओंजळीत तीळ घातले, पाणी ओतलं आणि नाव घ्यायला सांगितलं. तिने ‘पापा’ म्हटलं. तेही चालत असावं.

एक घास शेगडीत. एक गायीसाठी लाकडांच्या ढिगाजवळ, एक कावळ्यासाठी कुंपणाच्या खांबावर, एक मुंग्यांसाठी एका खुरट्या झाडाच्या बुंध्याशी. तिन्ही घास मी डोळ्यांसमोर दगड होताना पाहिले.

पाचवा घेऊन तूवाकडे गेलो. तिने भात हुंगला आणि तोंड वळवलं. वहिनींचं पान वाढून झालं असेल, त्या बाहेर बघत बसल्या असतील. मी थाळी आणखी पुढे केली. तिने आणखी तोंड वळवलं.

“काका, असं वरून नाही. नीचे बैठो. उन्हें डर लगता है.”

त्यांना डर लगता है! मी बर्फात गुडघे टेकले. हातमोजा काढला, भात तळहातावर घेतला आणि हात जमिनीजवळ ठेवला. डोळे मिटून घेतले. जीभ गरम होती. दोन चमचे भात खाऊन झाला, मग तिने बोटं चाटली, आणि बोटातली दर्भाची अंगठीही ओढून खाऊन टाकली.

“अरे! घास खा गई!”

इंगाने मागून विचारलं, काय खाल्लं? ऋचाने सांगितलं, गवत. इंगाने आभाळाकडे पाहिलं आणि आत निघून गेली. ऋचा हसत होती, आणि मग हसत नव्हती. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. आमच्या घरात तशी पद्धत नाही.

नऊला निघालो. तूवा माझ्या गाडीत, कॅनव्हासच्या पिशवीत, फक्त डोकं बाहेर. चार कुत्र्यांनी ओढायचं म्हणून प्रत्येक चढणीला मला उतरून ढकलावं लागत होतं. तिला पुढे तोंड करून बसवलं होतं. पाच मिनिटांत ती वळली आणि पूर्ण तीस किलोमीटर माझ्याकडे बघत बसली. पुढे इंगा, मध्ये ऋचा, मागे मी, बोलायला कोणी नाही. वर्षभर लोक येत होते, कागद होते, फाइल होती, तारखा होत्या. त्या दिवशी यातलं काहीच नव्हतं. एक सूचना दादाच्या यादीत नाही ती इथे घालतो. उणे अठरात डोळ्यांत पाणी आलं तर पापण्या एकमेकींना चिकटतात. थांबून हाताच्या उबेने सोडवाव्यात. मी थांबलो नाही, कारण थांबलं की आकडा रोवावा लागतो. कुत्र्यांना रस्ता माहीत होता.

बुधवार आणि गुरुवारचं विशेष काही नाही. वारा होता. मी आणखी दोनदा पडलो, दांडा सोडला नाही, त्यामुळे जास्त लागलं. तूवाच्या मनगटाची सूज उतरली. निरोप घेताना इंगाने ऋचाला विचारलं की पुढच्या हिवाळ्यात दोन महिने कामाला येशील का. ऋचाने ते मला जबलपूरला उतरल्यावर सांगितलं, आणि म्हणाली, “मम्मी को आप बोलना.” पुन्हा पोस्टमन.

चोवीसला संध्याकाळी घरी पोचलो. राइट टाउनच्या चौकात होळीची लाकडं रचलेली होती. वहिनींनी दारातच ऋचाचा चेहरा दोन्ही हातांत धरून पाहिला. गाल वाऱ्याने सोलले होते. मग मला आत बसवून विचारलं.

“गाय?”

“मिळाली नाही.”

“कावळा?”

“नाही. मुंग्याही नाहीत. ठेवले घास, पण कोणी खाल्ले नाहीत.” मी शब्द दिला होता तो अर्धाच पाळला गेला, हे सांगून टाकलं.

“आणि कुत्र्यानं?”

“खाल्ला. हातातून.”

“तुमच्या हातातून?” त्या माझ्याकडे बघत राहिल्या. “तुमच्या?”

“हो. दर्भही खाल्ला.”

वहिनींनी तोंडाला पदर लावला. हसतायत की काय ते कळेना. मग पदर सोडून म्हणाल्या, “गायीला आणि कावळ्याला यांनी कधी विचारलं होतं? कुत्र्यानं खाल्लं ना. झालं मग.” आणि उठून स्वयंपाकघरात गेल्या.

जाऊ का, असं विचारणाऱ्यांना माझं उत्तर आहे, जा, पण आधी तिथी बघा. कुत्र्यांची भीती गेली का? नाही. काल कॉलनीच्या फाटकाशी दोन बसले होते, मी पलीकडून आलो. गुडघा अजून दुखतो. दादाची यादी मी या पानावरून काढलेली नाही, चुका आहेत तशाच ठेवल्या आहेत, खाली दुरुस्त्या जोडल्या आहेत. पाचव्या क्रमांकावरचं मटाराचं वाचून कोणी गेलंच, तर मॅनेजर चांगला माणूस आहे.

आज धुळवड. बाहेर मुलं ओरडत आहेत, दोनदा दार वाजलं, मी उघडलं नाही. दुपारपासून उकडायला लागलं. माळ्यावरून कूलर खाली काढला. जाळीतली मागच्या वर्षीची खस कुजली होती, ती काढून टाकली, नवी भरली, तारेने बांधली. मग बादलीने टाकीत पाणी ओतलं आणि बटण दाबलं.